पळवणकर बाळू : बॉल टाकणारा माणूस

मधल्या सुट्टीत एकदा मैदानावर बघा. सागाच्या फळीची बॅट आणि ती धरायला पोरांची भांडणं. ज्याला कोणी बॅट देत नाही, तो बिचारा नुसता बॉल टाकत राहतो. आमच्या गडचिरोलीकडच्या शाळेत हे रोजचंच आहे. त्या पोरासाठी मी पळवणकर बाळूंची गोष्ट सांगत असते.

बाळूंचा जन्म 1876 चा, धारवाडचा. कुटुंब चर्मकार समाजातलं, वडील सैन्यात नोकरीला. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात बाळू महिना 4 रुपयांवर मैदानाची कामं करायचे. तिथल्या साहेबांना, विशेषतः ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजाला, सरावासाठी ते तासन्‌तास बॉल टाकत. डावखुरी फिरकी अशी पक्की झाली की काय सांगावं! बॅट मात्र त्यांच्या हाती कोणी दिली नाही.

पुढे पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना घेतलं. मैदानात सगळे त्यांनी टाकलेला बॉल झेलायचे, पण चहाच्या वेळी त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचं ताटही वेगळं. वर्गात सांगताना हा भाग गाळू नका. पोरं का म्हणून विचारतात, विचारू द्या.

नंतर ते मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळले. 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना हरवलं, त्यात बाळूंचा मोठा वाटा होता. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बरेच सामने हरला, पण एकट्या बाळूंनी दौऱ्यात 114 बळी घेतले.

एवढं करूनही कर्णधारपद काही मिळालं नाही. शिवराम, गणपत, विठ्ठल हे भाऊही उत्तम खेळाडू. 1920 मध्ये बाळूंना डावललं तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी संघात खेळायला नकार दिला. मग बाळू उपकर्णधार झाले. 1923 मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि संघ जिंकला.

तरुण आंबेडकरांना बाळूंचा फार अभिमान होता. तरी 1937 च्या मुंबई विधानसभा निवडणुकीत काँग्रेसने बाळूंना त्यांच्याच विरोधात उभं केलं. जवळपास दोन हजार मतांनी बाळू हरले.

भारत पहिली कसोटी खेळला 1932 मध्ये, तेव्हा बाळू 56 वर्षांचे होते. 1955 मध्ये ते गेले. ‘लगान’मधला कचरा पोरांना लगेच आठवतो. मी तिथूनच सुरुवात करते.