असिसीचे संत फ्रान्सिस : परमपित्याचा वारस

नोकराला मिळते ती मजुरी. ती कामाच्या हिशेबाने मिळते, काम थांबले की तीही थांबते. मुलाला मिळतो तो वारसा. तो केवळ मूल असल्यामुळे मिळतो. ख्रिस्ती धर्मग्रंथात देव आणि माणूस यांचे नाते सांगताना हाच वारसा शब्द येतो. संत पौल यांनी रोम येथील ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्राचा आशय असा आहे की, ज्यांना देवाने आपली लेकरे म्हणून स्वीकारले ते त्याचे वारसही झाले. हा वारसा कमवावा लागत नाही, श्रद्धेने स्वीकारावा लागतो. हे सत्य ज्यांच्या जीवनात स्पष्ट दिसते, असे एक थोर संत म्हणजे असिसीचे फ्रान्सिस.

त्यांचा जन्म ११८१ किंवा ११८२ मध्ये इटलीतील असिसी या डोंगरउतारावरच्या नगरात झाला. वडील पिएत्रो दी बर्नार्दोने हे कापडाचे श्रीमंत व्यापारी होते. बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचे नाव जिओव्हानी ठेवले होते. व्यापारानिमित्त फ्रान्सला गेलेल्या वडिलांनी परत आल्यावर त्याला फ्रांचेस्को म्हणायला सुरुवात केली. तरुण फ्रान्सिस दुकानात बसत आणि मित्रांवर सढळ हाताने पैसे उधळत. मोठा योद्धा होऊन नाव कमवावे, हे त्यांचे स्वप्न होते. १२०२ मध्ये शेजारच्या पेरुजा नगराशी झालेल्या लढाईत ते पकडले गेले आणि सुमारे वर्षभर कैदेत राहिले. सुटकेनंतर दीर्घ आजारपण आले. पुन्हा युद्धासाठी निघाले, पण स्पोलेतोहून माघारी फिरले. बाहेरच्या यशाची ओढ ओसरू लागली होती.

त्या काळी कुष्ठरोग्यांना नगराबाहेर राहावे लागे. फ्रान्सिस यांना त्यांची इतकी किळस वाटे की ते दुरूनच तोंड फिरवत. एके दिवशी वाटेत एक कुष्ठरोगी समोर आला, तेव्हा ते घोड्यावरून उतरले, त्याला पैसे दिले आणि त्याच्या हाताचे चुंबन घेतले. पुढे ते या रुग्णांमध्ये जाऊन त्यांची सेवा करू लागले.

असिसीजवळ सान दामियानो नावाचे मोडकळीस आलेले लहान चर्च होते. तेथील क्रूसासमोर प्रार्थना करताना, हे पडके घर दुरुस्त करावे अशी आज्ञा फ्रान्सिस यांना ऐकू आली. त्यांनी दुकानातले कापड फोलिन्यो येथे नेऊन विकले, घोडाही विकला आणि पैसे चर्चच्या धर्मगुरूंपुढे ठेवले. धर्मगुरूंनी पिएत्रो यांच्या भीतीने ते घेतले नाहीत.

वडिलांचा संताप समजण्यासारखा आहे. माल त्यांचा होता आणि विचारल्याशिवाय विकला गेला होता. शिवाय ज्याच्यावर व्यवसाय सोपवायचा, तो मुलगा गावात वेडा ठरत होता. त्यांनी फ्रान्सिस यांना घरात कोंडून ठेवले. वडील बाहेरगावी गेल्यावर आईने त्यांना सोडले. अखेर १२०६ मध्ये हे प्रकरण बिशप ग्विदो यांच्यापुढे आले. पैसे परत करावेत, असे बिशपांनी सांगितले. फ्रान्सिस यांनी पैसे तर दिलेच, अंगावरचे कपडेही उतरवून वडिलांपुढे ठेवले. यापुढे स्वर्गातील पित्यालाच मी पिता म्हणेन, असे त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले. बिशपांनी आपला झगा त्यांच्याभोवती लपेटला.

येथे थोडे थांबून विचार करावा. वारसा सोडला म्हणून देवाने फ्रान्सिस यांच्यावर प्रेम केले, असा याचा अर्थ नाही. आपण आधीपासूनच परमपित्याचे आहोत हे त्यांना उमगले, म्हणून हातातले सोडणे त्यांना जमले. क्रम उलटा केला तर त्यागसुद्धा व्यापार होतो : मी इतके दिले, आता देवाने मला इतके द्यावे.

पुढे अनेक जण त्यांच्या मार्गावर आले. १२०९ मध्ये पोप इनोसंट तिसरे यांनी त्यांच्या जीवनपद्धतीला मान्यता दिली. १२१२ मध्ये असिसीच्याच चिआरा, म्हणजे संत क्लेअर, घर सोडून या मार्गाला लागल्या. १२१९ मध्ये धर्मयुद्ध चालू असताना फ्रान्सिस इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिल यांना निःशस्त्र भेटायला गेले. सुलतानांनी त्यांचे आदराने ऐकले आणि त्यांना सुखरूप परत पाठवले. परमपित्याचे प्रेम आपल्याच गोटापुरते आहे, असे फ्रान्सिस यांनी मानले असते तर ते त्या छावणीत गेलेच नसते.

१२२३ मध्ये मंजूर झालेल्या संघाच्या नियमावलीत बंधूंनी घर, जागा, काहीच आपले म्हणून ठेवू नये असे सांगितले आहे. लगेच तेथेच, असे रिक्त जगणारे बंधू स्वर्गराज्याचे वारस आहेत, हा विचारही आहे. व्यापाऱ्याच्या मुलाने वारसा हा शब्द टाकून दिला नाही, त्याला खरा अर्थ दिला.

शेवटची वर्षे कठीण होती. दृष्टी जवळजवळ गेली होती, आजार वाढला होता आणि मोठ्या झालेल्या संघात मतभेद होते. अशा अवस्थेत त्यांनी मृत्युपत्र लिहवून घेतले. जवळ काहीच नसलेल्या माणसाचे हे मृत्युपत्र कुष्ठरोग्यांच्या आठवणीने सुरू होते. त्यांच्यामध्ये आपल्याला देवानेच नेले, असे त्यात सांगितले आहे. आयुष्याच्या अखेरीसही ते पहिले पाऊल त्यांनी स्वतःच्या नावावर जमा केले नाही.

३ ऑक्टोबर १२२६ रोजी पोर्झिउन्कोला येथे, स्वतःच्या इच्छेप्रमाणे उघड्या जमिनीवर झोपवलेल्या अवस्थेत, त्यांनी देह ठेवला. १२२८ मध्ये त्यांना संत घोषित करण्यात आले. त्यांच्या संघाचे बंधू पुढे भारतातही आले. जुन्या गोव्यातील सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्च याच संतांच्या नावाचे आहे; ज्यांचे पार्थिव गोव्यात आहे ते संत फ्रान्सिस झेवियर वेगळे.

साधकहो, आपणही कधी नकळत साधनेचा हिशेब ठेवतो. एखादा दिवस चुकला की परमपिता दूर गेला असे वाटते, नियम नीट पाळले की आपला हक्क वाढला असे वाटते. संत फ्रान्सिस यांचे जीवन सांगते की साधना ही मजुरीसाठी नाही. लेकरू म्हणून जे आधीच मिळाले आहे, ते ओळखून इतरांपर्यंत पोहोचवण्यासाठी ती आहे. आणि ते पोहोचवताना, ज्याच्यापासून आपण आजवर तोंड फिरवले त्याच्यापासून सुरुवात करावी.