एडगर डेल

एडगर डेल (२७ एप्रिल, १९०० – ८ मार्च, १९८५) हे अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ आणि ओहायो स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक होते. अध्यापनातील दृक्‌-श्राव्य साधनांचा वापर, चित्रपटांचा अभ्यास आणि मजकुराची वाचनीयता ही त्यांची प्रमुख कार्यक्षेत्रे होती. त्यांनी १९४६ मध्ये मांडलेला ‘अनुभव शंकू’ जगभरातील अध्यापक महाविद्यालयांत शिकवला जातो.

सुरुवातीचे जीवन व शिक्षण

डेल यांचा जन्म मिनेसोटा राज्यातील बेन्सन येथे झाला. त्यांचे बालपण नॉर्थ डकोटामधील शेतावर गेले. नॉर्थ डकोटा विद्यापीठातून त्यांनी पदवी व पदव्युत्तर पदवी मिळवली. याच काळात त्यांनी ग्रामीण शाळांमध्ये अध्यापन केले. पुढे ते इलिनॉयमधील विनेटका येथील शाळेत शिक्षक होते. शिकागो विद्यापीठातून त्यांनी डॉक्टरेट प्राप्त केली. त्यानंतर काही काळ त्यांनी ईस्टमन कोडॅक कंपनीच्या शैक्षणिक चित्रपट विभागात काम केले.

कारकीर्द

१९२९ मध्ये डेल ओहायो स्टेट विद्यापीठात रुजू झाले व १९७० मध्ये निवृत्त होईपर्यंत तेथेच राहिले. चित्रपटांचा मुलांवर होणारा परिणाम तपासणाऱ्या ‘पेन फंड’ अभ्यासमालेत त्यांचा सहभाग होता. १९२०, १९२५ आणि १९३० या तीन वर्षांतील प्रत्येकी ५०० अशा एकूण १,५०० चित्रपटांचे त्यांनी विषयवार वर्गीकरण केले. यांतील सुमारे तीन-चतुर्थांश चित्रपट प्रेम, लैंगिकता व गुन्हेगारी या तीन विषयांभोवती फिरणारे होते. चित्रपटांवर बंदी घालण्यापेक्षा मुलांना चित्रपट पारखायला शिकवावे, या दृष्टीने त्यांनी १९३३ मध्ये चित्रपट-रसग्रहणावरील एक पुस्तक शालेय विद्यार्थ्यांसाठी लिहिले.

अनुभव शंकू

‘ऑडिओ-व्हिज्युअल मेथड्स इन टीचिंग’ या ग्रंथाची पहिली आवृत्ती १९४६ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढील आवृत्त्या १९५४ व १९६९ मध्ये निघाल्या. या ग्रंथात अध्ययन-अनुभवांची मांडणी शंकूच्या आकृतीत केली आहे. तळाशी प्रत्यक्ष, सहेतुक अनुभव असून त्यावर क्रमाने प्रतिकृतींद्वारे मिळणारे अनुभव, नाट्यीकरण, प्रात्यक्षिक, क्षेत्रभेट, प्रदर्शन, चित्रपट, ध्वनिमुद्रण व स्थिरचित्रे, दृश्य प्रतीके आणि टोकाशी शाब्दिक प्रतीके येतात. दुसऱ्या आवृत्तीत दूरचित्रवाणीचा समावेश करण्यात आला. तिसऱ्या आवृत्तीत या पायऱ्यांची सांगड जेरोम ब्रुनर यांच्या कृती, प्रतिमा आणि प्रतीक या त्रिविध मांडणीशी घातली गेली.

तळाकडून टोकाकडे जाताना अनुभव मूर्ताकडून अमूर्ताकडे सरकतो, एवढाच या आकृतीचा अर्थ आहे. तळाचा अनुभव श्रेष्ठ आणि टोकाचा कनिष्ठ असा तो क्रम नाही. उदाहरणार्थ, हृदयाची रचना शिकताना विद्यार्थी प्रतिकृती हाताळू शकतो. झडपांची हालचाल चलच्चित्रात अधिक स्पष्ट दिसते. रक्तदाबाचा विचार मात्र संज्ञा आणि आकड्यांशिवाय पूर्ण होत नाही. म्हणून कोणते साधन वापरायचे हे पाठाच्या उद्दिष्टावरून ठरते. आकृती शब्दशः घेऊ नये, असा इशारा स्वतः डेल यांनी दिला होता.

टक्केवारीचा गैरसमज

माणूस वाचलेल्यापैकी १० टक्के, ऐकलेल्यापैकी २० टक्के, पाहिलेल्यापैकी ३० टक्के आणि स्वतः केलेल्यापैकी ९० टक्के लक्षात ठेवतो, अशा स्वरूपाची टक्केवारी अनेक पाठ्यपुस्तकांत व प्रशिक्षणवर्गांत शंकूसोबत दाखवली जाते. डेल यांच्या ग्रंथाच्या कोणत्याही आवृत्तीत ही टक्केवारी नाही. १९६७ मध्ये दृक्‌-श्राव्य क्षेत्रातील एका नियतकालिकाने हे आकडे कोणताही आधार न देता छापले होते. पुढे ते शंकूला चिकटले. काय शिकायचे आहे, विद्यार्थ्याचे पूर्वज्ञान किती आहे आणि किती काळाने तपासले, यांनुसार स्मरण बदलते. त्यामुळे प्रत्येक माध्यमाला एकच ठरावीक आकडा जोडणे शक्य नाही.

या गैरसमजाचे परिणाम वर्गापर्यंत पोहोचतात. वाचन व व्याख्यान ही कमी दर्जाची साधने ठरतात आणि वर्गात पडदा व प्रक्षेपक बसवला म्हणजे अध्यापन सुधारले, अशी समजूत होते. डेल यांचा भर मात्र साधनाची निवड, शिक्षकाची पूर्वतयारी आणि नंतरची चर्चा यांवर होता.

वाचनीयता व शब्दसंपदा

ज्या डेल यांच्या नावावर वाचनाला सर्वात कमी गुण देणारे आकडे खपवले जातात, त्यांनी शब्दांच्या अभ्यासावर अनेक दशके काम केले. जीन चॉल यांच्यासह त्यांनी १९४८ मध्ये डेल-चॉल वाचनीयता सूत्र मांडले. वाक्यांची सरासरी लांबी आणि सुमारे ३,००० परिचित शब्दांच्या यादीबाहेरील शब्दांचे प्रमाण यांवरून हे सूत्र इंग्रजी मजकुराची काठिण्यपातळी ठरवते. चौथीच्या किमान ८० टक्के मुलांना ठाऊक असलेले शब्द या यादीत घेतले होते. सूत्राची सुधारित आवृत्ती डेल यांच्या निधनानंतर १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली.

वारसा

डेल यांचे निधन ओहायोतील कोलंबस येथे झाले. महाराष्ट्रासह भारतातील बी.एड. अभ्यासक्रमांत ‘शैक्षणिक तंत्रज्ञान’ या विषयात अनुभव शंकूचा समावेश असतो. फिल्म आणि रेडिओच्या काळात मांडलेली ही आकृती संगणक व डिजिटल फलकांच्या काळातही साधननिवडीची चौकट म्हणून वापरली जाते.