डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन आणि शरणपूरचा विद्यार्थी

नाशिक शहरात द्वारका येथे मुंबई-आग्रा रस्त्यास पुण्याचा रस्ता येऊन मिळतो. तेथून शहराच्या पश्चिम अंगास गेले म्हणजे शरणपूर लागते. या लहानशा वस्तीचा डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन या जगद्विख्यात पुरुषाच्या अंतकाळाशी निकट संबंध आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. म्हणून त्यांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहो.

लिव्हिंग्स्टन यांचा जन्म १९ मार्च १८१३ रोजी स्कॉटलंडातील ब्लँटायर गावी एका गरीब कुटुंबात झाला. दहाव्या वर्षी ते कापसाच्या गिरणीत कामास लागले. सकाळी सहापासून रात्री आठपर्यंत गिरणी आणि त्यानंतर रात्रीची शाळा, असा त्यांचा क्रम असे. यंत्रावर पुस्तक उघडे ठेवून जाता येता ते एकेक वाक्य वाचीत. अशा कष्टाने वैद्यकी शिकून १८४१ साली ते मिशनरी म्हणून दक्षिण आफ्रिकेत उतरले. १८४४ साली एका सिंहाने त्यांस पकडून त्यांच्या डाव्या दंडाचे हाड मोडले. ते हाड पुढे कधीच नीट सांधले नाही.

त्या खंडाच्या अंतर्भागात हिंडताना गुलामांचा व्यापार त्यांनी डोळ्यांनी पाहिला, व तो बंद पाडणे हे त्यांच्या आयुष्याचे ध्येय झाले. त्यापायी त्यांनी फार सोसले. १८६२ साली त्यांची पत्नी मेरी झांबेझी नदीच्या काठी तापाने वारली. तिला तेथेच पुरून ते पुन्हा कामास लागले.

१८६४ साली ते एका लहान आगबोटीतून समुद्र ओलांडून मुंबईस आले, आणि पुढल्या वर्षी नाशिकास येऊन गेले. शरणपुरात चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली वसाहत स्थापिली होती. गुलामांच्या जहाजांतून सोडविलेल्या आफ्रिकन मुलांस तेथे आश्रय देऊन लिहिणे-वाचणे व हातचे धंदे शिकवीत. १८६६ साली येथील नऊ तरुण लिव्हिंग्स्टन यांच्याबरोबर आफ्रिकेस गेले. १८७२ साली आणखी काही त्यांस जाऊन मिळाले; त्यांत जेकब वेनराइट हा होता.

१ मे १८७३ रोजी पहाटे, हल्लीच्या झांबियातील चितांबो नामक मुखियाच्या गावी, लिव्हिंग्स्टन हे बिछान्यापाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले. सोबत्यांनी त्यांचे हृदय एका मोठ्या वृक्षाखाली पुरले. त्या वेळी जेकबने प्रेतसंस्काराची प्रार्थना वाचली, व वृक्षाच्या खोडावर मृताचे नाव कोरले. बालपणी ज्यास मनुष्यांनी वस्तूप्रमाणे विकले, त्याच मुलाने, मरण हे मनुष्याचे अखेरचे धनी नव्हे, हे प्रभूचे अभिवचन त्या अरण्यात मोठ्याने वाचावे, याहून मोठी साक्ष ती कोणती?

परंतु त्यांचे काम प्रार्थनेने संपले नाही. त्यांनी देह मीठ लावून उन्हात सुमारे चौदा दिवस वाळविला, कापडात व झाडाच्या सालीत गुंडाळिला, आणि सुसी व चुमा यांच्या पुढारीपणाखाली समुद्राकडे वाट धरिली. ते सर्वच ख्रिस्ती नव्हते. प्रेत नेणे त्या मुलखात जिवावरचे काम होते. वाटेत इंग्रज अधिकाऱ्याने देह तेथेच पुरण्याचा सल्ला दिला, तो त्यांनी मानिला नाही. एके ठिकाणी लोकांचा विरोध दिसताच त्यांनी प्रेत कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून पुढे नेले. सुमारे नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १८७४ मध्ये, ते बागामोयो बंदरी पोहोचले.

जेकब देहासोबत इंग्लंडास गेला. तेथे सिंहाने मोडलेल्या त्या दंडाच्या हाडावरून डॉक्टरांनी देहाची ओळख पटविली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरचा हा विद्यार्थीही होता. लिव्हिंग्स्टन यांच्या मृत्यूनंतर जेमतेम पाच आठवड्यांनी झांझिबारचा गुलामबाजार बंद झाला होता. पुढे त्याच जागी ख्रिस्तमंदिर उभे राहिले. ज्या वृक्षाखाली त्यांचे हृदय पुरले, त्याच्या लाकडाचा क्रूस त्या मंदिरात आहे.

जेकब १८९२ साली आफ्रिकेत उरांबो येथे वारला. त्याचा देह कोणी राजमंदिरात नेला नाही. परंतु पुनरुत्थानाची आशा ज्या वचनावर उभी आहे, त्यात संगमरवरी शिलेखाली निजलेला आणि निनावी मातीत निजलेला असा भेद नाही. त्या आशेचा अर्थ देहास तुच्छ मानणे असाही नव्हे. मृत मित्राचे ओझे खांद्यावर घेऊन जे एवढी वाट चालले, त्यांनी तो आपल्या पायांनी दाखवून दिला. मुलांनो, शरणपुरावरून जाताना या गोष्टीची आठवण ठेवा, एवढीच आमची विनंती.