मातीतला पैलवान खाशाबा

उर्दूत ‘तालीम’ म्हणजे शिक्षण. मराठीतही हा शब्द आहे. पण खेडेगावात एखादा मुलगा तालमीत गेला आहे असे कुणी सांगितले, तर तो पुस्तक घेऊन गेलेला नसतो, लंगोट घेऊन गेलेला असतो. मराठीत तालीम म्हणजे कुस्ती शिकण्याची जागा. तेथे शिकवणारा तो वस्ताद, म्हणजे तुमचा उस्तादच. कुस्ती, पैलवान, खुराक हे शब्दही तुमच्या ओळखीचे आहेत. तेव्हा या पाठातील बरेच शब्द तुम्हाला आधीच येतात, असे समजायला हरकत नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील सोनई हे गाव तुमच्यापैकी काहींनी पाहिले असेल. शनिशिंगणापूर तेथून जवळच आहे. भोवती उसाचे मळे आहेत, गावाजवळ साखर कारखाना आहे. आपल्याकडच्या अशा अनेक गावांत जत्रेच्या दिवशी कुस्त्यांचा फड भरतो. हलगी वाजू लागली की माणसे कडे करून बसतात. आधी लहान मुलांच्या कुस्त्या लागतात. त्यांचे बक्षीस म्हणजे मूठभर रेवड्या किंवा एक नारळ. मोठ्या पैलवानांची पाळी शेवटी येते. सातारा जिल्ह्यात कऱ्हाडजवळ असलेले गोळेश्वर हेही असेच एक गाव. त्या गावच्या मातीत कुस्ती शिकलेला एक मुलगा पुढे ऑलिंपिकपर्यंत गेला. त्याचे नाव खाशाबा दादासाहेब जाधव.

खाशाबांचा जन्म १५ जानेवारी १९२६ रोजी गोळेश्वर येथे झाला. वडील दादासाहेब स्वतः पैलवान होते. पाच भावांत खाशाबा सर्वांत धाकटे. घरातच आखाडा असल्यासारखे वातावरण होते. त्यामुळे मुलगा पाच वर्षांचा झाला, तेव्हाच वडिलांनी त्याला मातीत उतरवले. अंगाने खाशाबा थोराड नव्हते. उंचीही बेताचीच होती. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा मुलगा पैलवान वाटत नसे. पण लहान चणीच्या माणसाचा एक फायदा असतो. तो चटकन वाकतो, चटकन वळतो आणि समोरच्याच्या हातून निसटतो. खाशाबांनी आपल्या चणीचे हे बळ लवकर ओळखले.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलमध्ये त्यांचे शालेय शिक्षण झाले. त्याच काळात, १९४२ साली, ‘भारत छोडो’ आंदोलन सुरू झाले. सातारा जिल्हा तर या आंदोलनात पुढेच होता. भूमिगत कार्यकर्त्यांना मदत करणाऱ्या तरुणांत खाशाबाही होते. पुढे ते कोल्हापूरला राजाराम कॉलेजात गेले.

कोल्हापूर म्हणजे कुस्तीचे माहेरघर. राजर्षी शाहू महाराजांनी या शहरात पैलवानांना आश्रय दिला. १९१२ साली खासबागेचे मोठे कुस्तीमैदान उभे राहिले, तेही त्यांच्यामुळेच. अशा शहरात खाशाबांना बाबूराव बलावडे आणि बेलापुरी गुरुजी यांच्यासारखे वस्ताद मिळाले, तर कॉलेजात गोविंदराव पुरंदरे या क्रीडाशिक्षकांनी त्यांच्याकडे लक्ष दिले.

तालमीतला दिवस कसा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे का? पहाटे अंधारात उठायचे. हौद्यातली लाल माती आधी उकरायची. ही माती साधी नसते. तिच्यात तेल, ताक, हळद घालून ती मऊ केलेली असते. मग जोर, मग बैठका. खाशाबा दिवसाला हजारभर बैठका आणि शेकडो जोर काढत, असे सांगतात. त्यानंतर जोडीदाराबरोबर लढत करायची. एकच डाव शंभर वेळा मारायचा आणि शंभर वेळा सोडवायचा. खाशाबांचा आवडता डाव ढाक. प्रतिस्पर्ध्याच्या डोक्याला पकड घालून त्याला खाली फेकायचे, असा हा डाव. ऐकायला सोपा वाटतो. पण पकड घालायची वेळ डोळ्याचे पाते लवण्याइतकी थोडी असते. ती चुकली तर फेकणाराच खाली येतो. एवढे सगळे करून खाशाबांना कॉलेजचा अभ्यासही करायचा असे.

१९४८ साली लंडनला ऑलिंपिक स्पर्धा भरल्या. भारत स्वतंत्र होऊन एकच वर्ष झाले होते. खाशाबांची निवड झाली. कोल्हापूरच्या महाराजांनी प्रवासखर्चाचा भार उचलला. लंडनला गेल्यावर मात्र खाशाबांसमोर एक मोठी अडचण उभी राहिली. तेथे माती नव्हती, मॅट होती.

हा फरक नीट समजून घ्या. मातीत पाय थोडा रुततो आणि आधार मिळतो. अंगाला माती लागलेली असली की हाताची पकड निसटत नाही. मॅटवर घामाने भिजलेले अंग हातातून सुळकन सुटते. गावच्या फडात कुस्ती कितीही वेळ चालू शकते. दोन्ही खांदे जमिनीला लागले, म्हणजे पैलवान चितपट झाला, की निकाल लागतो. ऑलिंपिकच्या कुस्तीला वेळेची मर्यादा असते. कुणीच चितपट झाला नाही, तर पंच निकाल देतात. म्हणजे ताकद आणि डाव तर हवेतच, शिवाय घड्याळाचे आणि नियमांचे भानही हवे. शिवाय तेथे पैलवानांचे वजनाप्रमाणे गट असतात. खाशाबा ५२ किलोंच्या, सर्वांत हलक्या गटात होते. जन्मभर मातीत खेळलेल्या माणसाने हे सगळे काही दिवसांत शिकायचे होते. रीस गार्डनर नावाच्या अमेरिकन प्रशिक्षकाने त्यांना मॅटवरचे बारकावे दाखवले. खाशाबा सहावे आले. पदक मिळाले नाही. तरी मॅटवर नवख्या असलेल्या पैलवानाने जगात सहावा क्रमांक मिळवावा, ही गोष्ट लहान नव्हती.

परत आल्यावर त्यांनी चार वर्षे एकच ध्यास घेतला. त्यांनी वजन वाढवले आणि ५७ किलोंच्या गटात लढायचे ठरवले. मेहनतही वाढवली. १९५२ सालच्या ऑलिंपिकसाठी मद्रासला निवड स्पर्धा झाली. तेथे निरंजन दास या पैलवानाबरोबरच्या लढतीत आपल्याला एक गुण कमी दिला गेला, असे खाशाबांचे म्हणणे होते. ते गप्प बसले नाहीत. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. महाराजांनी दोघांची कुस्ती पुन्हा लावली. या वेळी पंचांना गुण मोजण्याची गरजच पडली नाही. खाशाबांनी प्रतिस्पर्ध्याला चितपट केले.

निवड झाली, पण फिनलंड देशातील हेलसिंकीला जायचे कसे? त्या काळी ऑलिंपिकमध्ये फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश होता. खेळ हाच ज्याचा धंदा, त्याला तेथे जागा नव्हती. म्हणजे खेळाडूने खेळावर पैसा मिळवायचा नाही आणि जाण्यायेण्याचा खर्च मात्र उभा करायचा. कोल्हापूर संस्थान १९४९ सालीच मुंबई राज्यात विलीन झाले होते. त्यामुळे राजाश्रयाचे दिवस मागे पडले होते. सरकारी मदत वेळेवर पुरेशी मिळेना. खाशाबा गावोगाव हिंडले. गावकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी जमेल तशी वर्गणी दिली. तरी हिशेब जुळत नव्हता. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि सात हजार रुपये उभे केले. त्या काळात सात हजार ही फार मोठी रक्कम होती. जरा विचार करा. हा विद्यार्थी जिंकेल की हरेल, हे कुणालाच ठाऊक नव्हते. कुस्तीत एका क्षणाची चूकही पुरे होते. तरी त्या प्राचार्यांनी आपले छप्पर त्याच्यासाठी डावाला लावले. मला तर ऑलिंपिकमधल्या कुस्त्यांपेक्षा ही घटना मोठी वाटते.

जुलै १९५२ मध्ये हेलसिंकीला कुस्त्या सुरू झाल्या. खाशाबांचे वय तेव्हा २६ वर्षांचे होते. कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या पैलवानांवर त्यांनी मात केली. त्यानंतर गाठ पडली ती जपानच्या शोहाची इशी यांच्याशी. इशी हे मूळचे ज्युदोचे खेळाडू. ज्युदोत पकडीला आणि तोल घालवण्याला फार महत्त्व असते. त्यामुळे खाशाबांच्या पकडी त्यांच्यावर सहज चालत नव्हत्या. ही कुस्ती दमछाक करणारी झाली आणि खाशाबा गुणांवर हरले. याच इशी यांना पुढे सुवर्णपदक मिळाले. त्या ऑलिंपिकमध्ये जपानला मिळालेले ते एकमेव सुवर्णपदक होते.

खाशाबा मॅटवरून उतरले, तेव्हा त्यांना धाप लागलेली होती. इतक्यात पुढच्या कुस्तीचा पुकारा झाला. समोर सोव्हिएत संघाचे रशीद ममदबेयोव होते. नियमाप्रमाणे दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती. पण ते अधिकाऱ्यांना ठणकावून सांगायला भारतीय पथकातील कुणी जबाबदार माणूस तेथे हजर नव्हता. मद्रासला खाशाबांनी स्वतः दाद मागितली होती. येथे परका देश, परकी भाषा आणि थकलेले शरीर. ते तसेच उभे राहिले आणि हरले. तो अर्धा तास त्यांना मिळाला असता, तर पदकाचा रंग कदाचित वेगळा असता.

२३ जुलै १९५२ रोजी खाशाबांना कांस्यपदक मिळाले. हॉकीत आपला संघ सुवर्णपदके जिंकत होता. पण स्वतंत्र भारताच्या एकट्या खेळाडूने जिंकलेले हे पहिलेच ऑलिंपिक पदक. यानंतर असे पदक मिळण्यासाठी देशाला ४४ वर्षे वाट पाहावी लागली. १९९६ साली टेनिसपटू लिअँडर पेस याने अटलांटाला कांस्यपदक मिळवले. कुस्तीतले पुढचे पदक तर २००८ साली सुशील कुमारने आणले.

खाशाबा कऱ्हाड स्टेशनवर उतरले, तेव्हा सारा मुलूख लोटला होता. शंभराहून अधिक बैलगाड्या सजवून आणलेल्या होत्या. ढोल-ताशे वाजत होते. स्टेशनपासून गोळेश्वर काही लांब नाही, पण त्या दिवशी मिरवणूक गावात पोहोचायला सात तास लागले, असे सांगतात. गोळेश्वर हे नाव त्या दिवसानंतर कुणाला नवे राहिले नाही.

हारतुरे सुकले, पण प्राचार्यांचे घर अजून गहाणच होते. खाशाबा ते विसरले नव्हते. त्यांनी कोल्हापूरला कुस्त्यांचे मैदान भरवले. स्वतः पुन्हा लाल मातीत उतरले आणि कुस्त्या जिंकल्या. त्यातून आलेले पैसे त्यांनी खर्डीकर सरांना दिले आणि त्यांचे घर सोडवले.

१९५५ साली खाशाबा मुंबई पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून दाखल झाले. पुढच्या ऑलिंपिकला जाण्याची त्यांची इच्छा होती, परंतु गुडघ्याच्या दुखापतीने ती पुरी झाली नाही. पोलीस दलात त्यांनी सुमारे २७ वर्षे नोकरी केली आणि तेथील तरुणांना खेळाचे शिक्षण दिले. बढती फार उशिरा मिळाली. नोकरीच्या शेवटी ते सहायक पोलीस आयुक्त झाले. निवृत्तीनंतरचे दिवसही ओढाताणीचेच गेले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचे निधन झाले.

सन्मान आले, पण ते पाहायला खाशाबा नव्हते. अर्जुन पुरस्कार त्यांच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी देण्यात आला. २०१० साली दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या, तेव्हा तेथील कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचे नाव देण्यात आले. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्रात राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. तुम्ही कधी कऱ्हाडकडे गेलात, तर वाट थोडी वाकडी करून गोळेश्वरला जा. तेथे खाशाबांचे घर आहे. त्या घराचे नाव आहे ‘ऑलिंपिक निवास’.