महर्षींच्या घरखर्चाची कात्री

मार्च महिना जवळ आला की गावातली दोन-चार माणसे रस्ता बदलून जायला लागतात. सोसायटीचा सचिव समोरून येताना दिसला की बोळात वळायचे, बँकेचा साहेब जीपमधून उतरला की घरात निरोप ठेवायचा, मालक परगावी गेलेत. मग कुठून तरी हातउसने आणून नवे-जुने करायचे आणि एप्रिलपासून पुन्हा तेच. शिवारफेरीच्या निमित्ताने आम्ही घरोघर हिंडतो, तेव्हा पिकाच्या गोष्टी दहा मिनिटांत संपतात आणि उरलेला तासभर कर्जाचेच बोलणे चालते. म्हणून आज खत-बियाणे बाजूला ठेवून एका माणसाची हकीकत सांगतो. हा माणूस काही आपल्यासारखा कोरडवाहू शेतकरी नव्हता, मोठा जमीनदार होता. पण कर्ज थकले की राजा काय आणि रंक काय, झोप दोघांचीही जाते.

रवींद्रनाथ टागोर सर्वांना माहीत आहेत. त्यांचे वडील देवेंद्रनाथ, ज्यांना बंगालात महर्षी म्हणत, त्यांचा जन्म १५ मे १८१७ चा. घर कलकत्त्याच्या जोडासांको भागातले. त्यांचे वडील द्वारकानाथ म्हणजे बडे प्रस्थ. लोक त्यांना प्रिन्स म्हणत. निळीचे कारखाने, कोळशाच्या खाणी, साखर, आगबोटी, असा सगळीकडे पसारा. १८३४ मध्ये एका इंग्रज भागीदाराबरोबर कार टागोर कंपनी काढलेली. त्याआधी १८२९ मध्ये निघालेल्या युनियन बँकेतही त्यांचा मोठा हात. बेलगाछियाच्या बंगल्यात मेजवान्या झडत आणि साहेब लोक पंगतीला असत. विलायतेला दोनदा जाऊन आले म्हणावे तर दुसऱ्या खेपेला परत आलेच नाहीत. १ ऑगस्ट १८४६ रोजी लंडनमध्येच वारले.

बाप गेला आणि पाठोपाठ भांडे फुटले. बघा, युनियन बँकेचा पैसा गुंतला होता निळीत. निळीचे भाव पडले, १८४७ साली लंडनच्या बाजारात मोठी मंदी आली, आणि ज्या कोठ्यांना बँकेने उचल दिली होती त्या बसल्या. बँकेचे संचालक आणि कर्ज उचलणारे बरेचसे एकच, तेव्हा वसुली कोण कोणाची करणार? (हे वाचून आपल्याकडच्या काही पतसंस्था आठवल्या असतील तर तो दोष माझा नाही.) १८४८ च्या सुरुवातीला बँक बुडाली आणि त्याच सुमारास कार टागोर कंपनीलाही कुलूप लागले. हिशेब मांडला तेव्हा देणे सुमारे १ कोटी, येणे ७० लाख. म्हणजे ३० लाखांचा खड्डा, आणि तोही त्या काळच्या रुपयाचा. देवेंद्रनाथांचे वय तेव्हा ३० वर्षांचे. धाकटा भाऊ गिरींद्रनाथ बरोबर. हे कर्ज दोघांनी केले नव्हते, वारशात आले होते.

आता खरी गंमत इथे आहे. द्वारकानाथ दूरदृष्टीचे. १८४० मध्येच त्यांनी बिराहिमपूर, काळीग्राम वगैरे काही जमीनदाऱ्या ट्रस्टमध्ये घालून ठेवल्या होत्या. धंदा बुडाला तरी सावकाराला या जमिनींना हात लावता येऊ नये, मुलाबाळांच्या पोटाला राहावे, हा हेतू. आपल्याकडे नोटीस यायच्या आत जमीन बायकोच्या नावे करतात, त्यातलाच प्रकार; फक्त पुष्कळ आधी आणि कायदेशीर. सावकारांची सभा भरली. कंपनीच्या साहेबाने हिशेब वाचला आणि ट्रस्टच्या मालमत्तेला कुणाला हात लावता येणार नाही, हेही सांगून टाकले. सावकारांचे चेहरे पडले. त्यावर देवेंद्रनाथांनी आपण होऊन सांगितले की कायद्याने ती सुटत असली तरी आम्हाला ती ठेवायची नाही. ट्रस्ट मोडून तीही तुमच्या हवाली करतो, पण वडिलांचे देणे फिटले पाहिजे.

वाचकहो, इथे थोडे थांबा. आपण असतो तर काय केले असते? मी स्वतः तरी तोंड मिटून बसलो असतो, खोटे कशाला सांगू. कायदा बाजूने, बापाची इच्छा बाजूने, आणि घरात खाणारी तोंडे पन्नास. पण या एका गोष्टीने सभेचा रंग पालटला. पैसे बुडाले म्हणून चिडून आलेली माणसे हेलावली. सगळे ओढून न घेता त्यांनी कुटुंबाच्या खर्चासाठी वर्षाला २५ हजार रुपये ठरवून दिले आणि जमीनदारीचे उत्पन्न कर्जाकडे वळवले. पुढे काही काळाने कारभारही भावांच्याच हाती दिला. याला पत म्हणतात. तारण संपल्यावरही जी उरते ती.

आता कुणी म्हणेल, २५ हजार म्हणजे चैनच की! आपल्या हिशेबाने खरे आहे. पण ज्या घरात पैशाला पैसा म्हणून कधी मोजले नाही, तिथे तेवढ्यात भागवायचे म्हणजे वाड्याचे सगळे वळणच बदलायचे. देवेंद्रनाथांनी नोकरचाकर कमी केले, घोडे आणि गाड्या लिलावात काढल्या, खाणेपिणे आणि कपडेलत्ते अगदी बेताचे केले. आधी स्वतःच्या ताटापासून सुरुवात केली, हे विशेष. आपल्याकडे काटकसर म्हटली की पहिली कात्री लागते ती पोरीच्या शाळेला आणि बायकोच्या औषधाला. तंबाखू, हॉटेल आणि तालुक्याच्या खेपा तशाच चालू. हे गृहस्थ मात्र घरात राहूनच संन्यासी झाले. मनाचा कल आधीपासून अध्यात्माकडे होताच. १८४३ मध्ये त्यांनी ब्राह्मो समाजाची दीक्षा घेतली होती. त्यामुळे वैभव गेल्याचे दुःख होण्याऐवजी त्यांना मोकळेच वाटले.

पण म्हणून कर्ज लगेच फिटले असे समजू नका. वर्षानुवर्षे चालले ते. १८५४ मध्ये गिरींद्रनाथ वारले आणि पुन्हा सावकारांचा तगादा वाढला. एकदा तर एका देणेकऱ्याच्या दाव्यात त्यांच्यावर पकड वॉरंट निघाले आणि नात्यातल्या माणसाला जामीन राहावे लागले. एवढ्या मोठ्या घराण्याच्या कर्त्या माणसाला शेरीफची माणसे धरून नेतात, ही केवढी नामुष्की! तरी त्यांनी टाळाटाळ केली नाही. उलट, द्वारकानाथांनी कलकत्त्याच्या एका धर्मादाय संस्थेला १ लाख रुपये देण्याचा शब्द दिला होता. नुसता शब्दच, दिलेले काहीच नव्हते. ती रक्कमही मुलाने व्याजासह चुकती केली.

सगळेच गुण सांगतो आहे असे नको व्हायला. त्यांच्या घरात एक गोष्ट सांगत असत. शोभाबाजारच्या राजवाड्यात जलसा होता. कर्जबाजारी ठाकूर काय घालून येतात, हे बघायला सगळे टपलेले. देवेंद्रनाथ आले ते साध्या पांढऱ्या कपड्यांत, अंगावर दागिना नाही. पण पायातल्या मखमली जोड्यांवर मोती जडवलेले! लोक जे गळ्यात घालतात ते आम्ही पायात घालतो, असा त्यातला ठसका. गोष्ट ऐकायला झकास आहे, पण मला ती पटत नाही. सावकाराला वाटते, मोती आहेत तर मग माझे पैसे का नाहीत? दुसरेही एक मनात येते. वाड्यातली काटकसर खरी, पण फेडीचा रुपया येत होता काळीग्राम-बिराहिमपूरच्या कुळांकडून, त्यांच्या भातातून. त्या कुळांच्या घरात त्या वर्षांत काय शिजत होते, ते या हकिकतीत येत नाही.

रवींद्रनाथ १८६१ मध्ये जन्मले, तोवर घराला ही शिस्त अंगवळणी पडली होती. दहा वर्षांचे होईतो त्यांच्या पायात मोजा चढला नव्हता. थंडीत सुती सदऱ्यावर दुसरा सुती सदरा, एवढाच जामानिमा. शिंपी सदऱ्याला खिसा लावायचा विसरला, याचेच काय ते दुःख.

१८७३ मध्ये वडील त्यांना हिमालयात घेऊन निघाले. खर्चाची पेटी अकरा वर्षांच्या पोराच्या हाती दिली, हिशेब त्यानेच ठेवायचा. एकदा तर हिशेबापेक्षा पेटीत पैसे जास्त निघाले. वडील रागावले नाहीत, गमतीने म्हणाले की माझा खजिनदार तुलाच करायला हवा. वाटेत एका स्टेशनावर रेल्वेच्या माणसाला पोराच्या वयाची शंका आली. अर्धे तिकीट चालणार नाही, पूर्ण काढा म्हणाला. वय खरोखर बाराच्या आतच होते. देवेंद्रनाथांनी काही न बोलता नोट दिली, आणि उरलेली मोड परत आली तेव्हा ती फलाटावर फेकून दिली. पैशापायी मी खोटे बोलेन असे याला वाटलेच कसे, हा राग. काटकसरी माणूस चिक्कूच असतो असे नाही, बरं का.

हळूहळू दिवस पालटले. १८६३ मध्ये त्यांनी बोलपूरजवळ वीस बिघे माळ कायमच्या पट्ट्याने घेतला. नुसती तांबडी, मुरमाड जमीन आणि सातवीणीची दोन झाडे. तिथेच पुढे शांतिनिकेतन उभे राहिले. दुसरे चिरंजीव सत्येंद्रनाथ पहिले हिंदी सनदी अधिकारी झाले, मुंबई इलाख्यात नोकरी केली आणि १८९७ मध्ये साताऱ्याहून न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले. जी काळीग्रामची जमीनदारी सावकारांपुढे ठेवली होती, तिथल्याच पतिसर गावी १९०५ मध्ये रवींद्रनाथांनी कुळांना सावकाराच्या व्याजातून सोडवायला कृषी बँक काढली. नोबेलची रक्कमही पुढे त्याच बँकेत ठेवली.

देवेंद्रनाथ १९ जानेवारी १९०५ रोजी वारले. उतारवयात दृष्टी मंदावल्यावर दर महिन्याच्या २ आणि ३ तारखेला रवींद्रनाथांना त्यांच्यासमोर बसून जमाखर्च वाचून दाखवावा लागे. आधी मोठे आकडे, गेल्या सालाशी ताडून. म्हातारा डोळे मिटून ऐके, बेरीज मनात धरी. कुठे खटकले की तेवढी बाब पुन्हा तपशीलवार वाचायला लावी. अडचणीची जागा घाईघाईने वाचून पुढे सरकायचा प्रयत्न मुलाने केला तरी हमखास पकडला जाई.