उंदराच्या सापळ्याएवढा कॅमेरा, लेसचा तुकडा आणि पेटंटचं भांडण

हाताने बनवलेले झुमके, क्रोशाची फुलं, मातीचे मणी असं काही ऑनलाइन विकायचं असेल तर पहिली खटपट फोटोची. वस्तू उजेडात मांडायची, मागे साधा कागद लावायचा, लेन्स जवळ न्यायची. घरच्या घरी हीच खटपट करणारा एक माणूस इंग्लंडमध्ये १८३० च्या दशकात होऊन गेला. फोटोग्राफी हा शब्द तेव्हा रूढही झाला नव्हता. त्याचं नाव विल्यम हेन्री फॉक्स टॅलबट.

टॅलबटचा जन्म ११ फेब्रुवारी १८०० चा. केंब्रिजला शिकलेला, गणितात हुशार आणि घरचा श्रीमंत. विल्टशायरमधलं लॅकॉक ॲबी हे त्याचं घर. हॅरी पॉटरच्या सिनेमात हॉगवर्ट्सचे काही कॉरिडॉर दिसतात ना, ते तिथलेच.

या हुशार माणसाला चित्र मात्र काढता येत नव्हतं. १८३३ मध्ये इटलीतल्या कोमो सरोवराकाठी तो कॅमेरा ल्युसिडा घेऊन बसला. या उपकरणात समोरचं दृश्य कागदावर पडल्यासारखं दिसतं आणि आपण ते फक्त गिरवायचं. तेही त्याला जमेना. तेव्हा त्याच्या डोक्यात आलं, की ही प्रतिमा कागदावर आपोआपच उमटली तर?

घरी परतल्यावर त्याने प्रयोग सुरू केले. कागद मिठाच्या पाण्यात भिजवायचा, वाळवायचा आणि त्यावर सिल्व्हर नायट्रेट लावायचं. असा कागद उन्हात काळा पडतो. त्यावर एखादं पान किंवा लेसचा तुकडा ठेवला, तर झाकलेला भाग पांढरा राहतो. लेन्स नाही, कॅमेरा नाही, तरी लेसचा धागा न् धागा कागदावर. असं एक चित्र त्याने काही फुटांवरून लोकांना दाखवलं आणि चित्र बरं जमलंय का, असं विचारलं. आपण फसणार नाही, ही तर खरी लेसच आहे, असं ते म्हणाले!

कॅमेऱ्याने फोटो काढणं जास्त अवघड होतं. मोठ्या कॅमेऱ्यात प्रतिमा मोठी, त्यामुळे प्रकाश पसरून फिका पडायचा. मग टॅलबटने उलटा विचार केला. इवलीशी लाकडी खोकी, त्यांना कमी फोकल लेंग्थच्या लेन्स. प्रकाश छोट्याशा जागेत एकवटला आणि काम झालं. घरभर ठेवलेल्या या खोक्यांना बायको कॉन्स्टन्स उंदराचे सापळे म्हणायची. ऑगस्ट १८३५ मध्ये अशाच एका खोक्याने घरातल्या जाळीदार खिडकीचा फोटो घेतला. पोस्टाच्या तिकिटाएवढी ही निगेटिव्ह आजही जपलेली आहे. नवी होती तेव्हा भिंगातून पाहिलं, की खिडकीच्या सुमारे २०० काचा मोजता यायच्या.

एवढं हाती असून टॅलबट गप्प बसला. जानेवारी १८३९ मध्ये फ्रान्सच्या डागेरने आपला शोध जाहीर केला आणि टॅलबटची धावपळ उडाली. त्याच महिन्यात त्याने आपली चित्रं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मांडली. पण पहिला मान गेला तो गेलाच. त्याच्या कागदी फोटोंपुढे डागेरचे धातूच्या पत्र्यावरचे फोटो कमालीचे सुस्पष्ट होते, हेही खरं. फक्त डागेरचा फोटो एकच निघायचा. टॅलबटच्या एका निगेटिव्हवरून हव्या तेवढ्या प्रती काढता यायच्या. फिल्म कॅमेऱ्याचं सगळं युग पुढे याच तत्त्वावर उभं राहिलं.

१८४४ ते १८४६ दरम्यान त्याने 'द पेन्सिल ऑफ नेचर' हे पुस्तक भागाभागांनी काढलं. त्यात २४ फोटो आहेत. एका फोटोत चिनी मातीची भांडी फळ्यांवर ओळीने मांडलेली, दुसऱ्यात काचेची. पांढरी चिनी मातीची भांडी आणि काचेच्या वस्तू एका फोटोत घेऊ नका, असा सल्लाही तो देतो, कारण काच नीट उमटण्याआधीच पांढऱ्या भांड्यांचं चित्र पूर्ण होतं. प्रॉडक्ट फोटो काढणाऱ्यांना ही डोकेदुखी ओळखीची वाटेल. भांडी चोरीला गेली तर हा फोटो कोर्टात पुरावा होईल, हेही त्याने तेव्हाच लिहून ठेवलं.

कोर्टात मात्र तो वेगळ्याच कारणाने पोहोचला. १८४१ मध्ये त्याने कॅलोटाइप या सुधारित पद्धतीचं पेटंट घेतलं होतं. व्यवसाय करायचा तर त्याला पैसे मोजा. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने काचेवरची कोलोडियन पद्धत आणली आणि ती कुणालाही वापरू दिली. तीही आपल्याच पेटंटखाली येते, असा टॅलबटचा हट्ट. हौशी लोकांना त्याने १८५२ मध्ये सूट दिली, पण पोर्ट्रेट काढून पोट भरणाऱ्यांना नाही. इथे त्याची बाजू घेणं कठीण आहे. डिसेंबर १८५४ मध्ये ज्युरीने कॅलोटाइपचा शोध त्याचाच मानला, पण लारोश या फोटोग्राफरने कोलोडियन वापरून पेटंट मोडलेलं नाही, असा निकाल दिला. पेटंटची मुदत वाढवण्याचा नाद त्याने सोडला.

यानंतर तो फोटो शाईने छापण्याच्या पद्धतीवर काम करत राहिला. १७ सप्टेंबर १८७७ रोजी लॅकॉकमध्येच त्याचं निधन झालं. फोटोग्राफीच्या इतिहासावरच्या एका पुस्तकासाठी तो पुरवणी लिहीत होता. ती अर्धवट राहिली.