भाकरीवरचं करडईचं तेल पचतं कुठे? सशाच्या आतड्याने सांगितलं उत्तर

लातूर-नांदेडकडे ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि वर करडईच्या तेलाची धार, हा बेत सगळ्यांच्या ओळखीचा. पण तेल पाण्यात विरघळत नाही. मग ते अंगी कसं लागतं? या कोड्यातला मोठा दुवा क्लॉड बर्नार्ड या फ्रेंच शास्त्रज्ञाने शोधला.

१२ जुलै १८१३ रोजी द्राक्षमळेवाल्या घरात बर्नार्ड यांचा जन्म झाला. औषधाच्या दुकानात उमेदवारी करताना त्यांना नाटकं लिहिण्याचा नाद लागला. नाटक घेऊन ते पॅरिसला गेले, तर एका समीक्षकाने आधी वैद्यक शिकण्याचा सल्ला दिला. ते डॉक्टर झाले खरे, पण दवाखान्यापेक्षा प्रयोगशाळेतच रमले.

१८४६ मध्ये त्यांनी उपाशी सशांना मांस खाऊ घातलं. पोट उघडल्यावर आतड्यातून चरबी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्या दुधासारख्या पांढऱ्या दिसल्या, पण जठरापासून बऱ्याच खाली. कुत्र्यात त्या बऱ्याच वरपासून पांढऱ्या असत. असं का? सशात पित्ताची नळी आतड्याला वरच मिळते, स्वादुपिंडाची मात्र सुमारे ३५ सेंमी खाली. पांढरा रंग नेमका तिथूनच सुरू होत होता! म्हणजे चरबी फोडतो तो स्वादुपिंडाचा रस.

यात पित्ताचं श्रेय मात्र त्यांच्याकडून निसटलं. त्यांचेच शिष्य आल्बेर दास्त्र यांनी कुत्र्यात पित्ताची वाट आतड्यात खाली वळवली, तेव्हा वाहिन्या पित्त मिळण्याच्या जागेपुढेच पांढऱ्या झाल्या. दोन्ही रस लागतात, हे पक्कं झालं. पित्त तेलाचे बारीक थेंब करतं, स्वादुपिंडातलं लायपेज ते फोडतं. आतड्याच्या पेशी तुकडे पुन्हा जोडतात, त्यांवर प्रथिनांचं वेष्टन चढवतात आणि लसिकावाहिन्यांतून मानेजवळच्या शिरेत, म्हणजे रक्तात पोहोचवतात. स्वादुपिंड कमी पडलं, की शौच तेलकट होते, वजन उतरतं. असं दिसलं तर डॉक्टरांना दाखवायला हवं.

या शोधांची किंमत घरातही मोजावी लागली. १८४५ मध्ये लग्न झालं, पत्नी फॅनी यांच्या हुंड्यावर संशोधन तगलं. पण जिवंत प्राण्यांची चिरफाड त्यांना सहन होईना. मुलीही आईच्याच बाजूने राहिल्या. अखेर पती-पत्नी विभक्त झाले.

१० फेब्रुवारी १८७८ रोजी बर्नार्ड यांचं निधन झालं. सरकारी इतमामात अंत्यसंस्कार झालेले ते फ्रान्समधले पहिले शास्त्रज्ञ.